अर्सुला ल गुइन : वाद कुठवर आले?

अर्सुला क्रोबर ल गुइन २२ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये वारल्या, तेव्हा त्या ८८ वर्षांच्या होत्या. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा या दोन्ही प्रांतांत त्यांचे नाव पहिल्या रांगेत घेतले जाते, यावर आता कोणी हुज्जत घालत नाही. हुज्जत आहे ती त्यांच्या पुस्तकांचा अर्थ कसा लावायचा याची. १९७०च्या आसपास ती सुरू झाली आणि अजून मिटलेली नाही.

या वादांचे एक वेगळेपण आधीच सांगून ठेवलेले बरे. पुस्तकावर टीका झाली की लेखक बहुधा गप्प बसतो, नाही तर चिडतो. ल गुइनबाईही चिडत, पण नंतर विचारात पडत आणि आपल्या पुस्तकाकडे परत जात. एक जुनी कथा त्यांनी बदलून पुन्हा छापली, एका निबंधातली भूमिका समासात टिपा लिहून खोडली, आणि पूर्ण झालेली म्हणून वाचकांनी कपाटात ठेवलेली मालिका अठरा वर्षांनी उघडून तिचा पायाच हलवला. त्यामुळे आढावा घेणाऱ्याची पंचाईत होते. १९६९च्या ल गुइनविषयी बोलावे की १९९०च्या? टीकाकारांमधल्या बऱ्याच मतभेदांच्या मुळाशी हीच निवड आहे.

घर आणि घडण

त्यांचा जन्म २१ ऑक्टोबर १९२९चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकन मानववंशशास्त्रातले मोठे नाव. बर्कलीच्या विद्यापीठातला त्या विषयाचा विभाग त्यांच्या हाताखाली वाढला. आई थिओडोरा यांनी १९६१ साली ‘इशी इन टू वर्ल्ड्स’ हे पुस्तक लिहिले. ‘याही’ या मूळ रहिवासी जमातीतला एकटा उरलेला इशी १९११ साली गोऱ्यांच्या वस्तीत आला आणि मरेपर्यंत, म्हणजे १९१६पर्यंत, आल्फ्रेड यांच्या संग्रहालयाच्या आश्रयाने राहिला. त्याची ही कहाणी. अर्सुलाच्या जन्माआधीची ही गोष्ट, पण घराच्या भिंतींत मुरलेली. दुसऱ्या समाजात जाऊन राहणारा, त्याची रीतभात टिपून घेणारा आणि शेवटी स्वतःच बदलून जाणारा माणूस त्यांच्या कादंबऱ्यांत पुनःपुन्हा येतो. त्याचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही.

शिक्षण रॅडक्लिफ आणि कोलंबियाला, विषय फ्रेंच आणि इटालियन साहित्य. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर फ्रान्सला जाताना बोटीवर चार्ल्स ल गुइन हे इतिहासाचे अभ्यासक भेटले. १९५३ साली पॅरिसमध्ये लग्न झाले. ऑर्सिनिया नावाच्या कल्पित मध्य-युरोपीय देशावरच्या त्यांच्या कथा-कादंबऱ्या बरीच वर्षे कोणी छापायला घेईना. विज्ञानकथांची मासिके मात्र घेत. १९६६ साली आलेली पहिली कादंबरी ‘रोकॅनन्स वर्ल्ड’ ही ‘एस’ प्रकाशनाच्या जोडपुस्तकात निघाली. त्यात दोन लेखकांच्या दोन कादंबऱ्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या असत आणि पुस्तक उलटे केले की दुसरी सुरू होई. अशा स्वस्त बांधणीतून सुरुवात झालेल्या बाईंचे लेखन पुढे ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’च्या अभिजात मालेत गेले.

त्याच कादंबरीत ‘ॲन्सिबल’ हे यंत्र येते. यानांना प्रकाशाच्या वेगाची मर्यादा, पण निरोप मात्र कितीही अंतरावर तत्क्षणी पोचतो. पुढे इतर विज्ञानकथालेखकांनी ते नावासकट उचलले. हैन नावाच्या ग्रहावरच्या लोकांनी फार पूर्वी अनेक ग्रहांवर, आपल्या पृथ्वीवरही, माणसे वसवली आणि मग ती एकमेकांना विसरली, ही पार्श्वभूमी त्यांच्या बहुतेक विज्ञानकादंबऱ्यांना आहे. हा सलग आखलेला इतिहास नाही असे त्या स्वतः सांगत. तरी सालवारी जुळवण्यात आयुष्य घालवणारे वाचक आहेतच.

गेथेनची माणसे

‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ १९६९ साली आली. विज्ञानकथेतले ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मोठे पुरस्कार तिला मिळाले. गेथेन हा बर्फाळ ग्रह. तिथली माणसे महिन्यातले बहुतेक दिवस ना पुरुष ना स्त्री. ‘केमर’ या कामोत्तेजनेच्या थोड्या दिवसांत कोण पुरुष होईल आणि कोण स्त्री, हे आधी ठरलेले नसते. एकच माणूस एका मुलाची आई आणि दुसऱ्याचा बाप असू शकतो. या ग्रहावर एकटा आलेला दूत गेनली आय आणि राज्यातून हद्दपार झालेला प्रधान एस्त्रावेन यांचा हिमनदीवरचा प्रवास हा कादंबरीचा गाभा. तो भाग आजही तितकाच धरून ठेवतो.

टीका लगेच सुरू झाली आणि ती विरोधकांकडून नव्हे, जाणकारांकडून आली. विज्ञानकथालेखिका जोआना रस आणि पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांचा आक्षेप साधारण एकाच दिशेचा होता : ही माणसे उभयलिंगी म्हणून सांगितली आहेत, पण वाचताना सगळे पुरुषच दिसतात. राजा, प्रधान, हेर, तुरुंगाधिकारी अशी कामे करताना ती दिसतात. मुले वाढवताना जवळपास दिसतच नाहीत. शिवाय सगळ्यांसाठी पुरुषवाचक सर्वनाम.

बचाव करणाऱ्यांचे उत्तर असे की कथा गेनली सांगतो. तो पुरुषी नजरेचा आहे, समोरच्याला बाई म्हणून पाहिले की त्याला तिरस्कार वाटतो, आणि ही नजर हळूहळू निवळते तीच तर कादंबरी. हे उत्तर वजनदार आहे, पण पुरते नाही. काही प्रकरणे एस्त्रावेनच्या रोजनिशीतली आहेत आणि तिथेही तेच सर्वनाम आहे. गेथेनच्या लैंगिकतेचे वर्णन करणारे टिपण तर आधीच्या तुकडीतल्या एका स्त्री निरीक्षकाचे आहे, आणि तीच या सर्वनामाचे समर्थन करते. ते सारे दोष गेनलीच्या माथी मारता येत नाहीत.

बाईंनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९७६ साली ‘इज जेंडर नेसेसरी?’ या निबंधात त्यांनी आपल्या निवडीची बाजू घेतली. पण त्याआधीच, १९७५ साली, ‘विंटर्स किंग’ ही गेथेनवरची कथा संग्रहात घेताना त्यांनी राजासकट सगळ्यांना स्त्रीवाचक सर्वनाम लावून टाकले होते. १९८०च्या दशकात त्यांनी जुना निबंध तसाच ठेवून शेजारी नव्या टिपा लिहिल्या, आणि त्यांत जुन्या समर्थनातले बरेचसे मागे घेतले. केमरमध्ये जोडी नेहमी स्त्री-पुरुषांचीच जुळते हे गृहीत धरले, तेही चुकले, असे मान्य केले. १९९५च्या ‘कमिंग ऑफ एज इन कारहाइड’ या कथेत मग गेथेनचे घर आले, मुले आली, पहिल्या केमरची धांदल आली. कादंबरीत जे नव्हते म्हणून ओरड झाली ते बहुतेक सगळे इथे आहे.

आता प्रश्न असा की सव्वीस वर्षांनी लिहिलेली कथा मूळ कादंबरीतली पोकळी भरते का? काही अभ्यासक दोन्ही एकत्र वाचतात; काहींच्या मते कादंबरी १९६९चीच राहते आणि तिचे गुणदोष त्या सालाचेच. लिंगभावाच्या नव्या जाणिवा घेऊन वाचणाऱ्या पिढीत तर दोन टोके आहेत. कुणाला हे पुस्तक आपला पूर्वज वाटते, कुणाला भित्रे वाटते. ॲन लेकी यांच्या २०१३च्या ‘ॲन्सिलरी जस्टिस’ या विज्ञानकादंबरीत सरसकट सगळ्यांना स्त्रीवाचक सर्वनाम आहे. ही वाट कुणी पाडली याबद्दल मात्र दुमत नाही.

अर्थसी : एक मालिका की दोन?

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८), ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ (१९७१) आणि ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२) ही पहिली तीन पुस्तके किशोरांसाठी म्हणून आली. द्वीपसमूहांचे जग, खरे नाव ठाऊक असणे म्हणजे सत्ता असणे हा जादूचा नियम, आणि गेड या शेळ्या राखणाऱ्या पोराचा महाजादूगार होण्यापर्यंतचा प्रवास. तिसऱ्या पुस्तकाला नॅशनल बुक ॲवॉर्ड मिळाले. रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता आणि गावातल्या चेटकिणी म्हणजे हलके काम करणाऱ्या बायका. तेव्हाच्या वाचकांना यात खटकण्यासारखे फारसे वाटले नाही.

१९९० साली ‘टेहानू’ आली. दुसऱ्या पुस्तकातली थडग्यांची पुजारीण तेनार आता शेतकऱ्याची विधवा आहे. तिने एका जाळलेल्या, अत्याचार सोसलेल्या मुलीला सांभाळायला घेतले आहे. गेड परत येतो तो सगळी शक्ती गमावलेला आणि त्याबद्दल लाजणारा. युद्ध नाही, सफर नाही. आहेत शेळ्या, भांडी, झाडलोट आणि दाराशी घुटमळणारी माणसे. पुस्तकाला नेब्युला मिळाले आणि वाचकांत फूट पडली.

एका बाजूचे म्हणणे असे की लेखिकेने आपल्याच जगावर नंतर सुचलेला स्त्रीवाद लादला. पहिल्या तीन पुस्तकांतले पुराणकथेचे सामर्थ्य त्यात विरले आणि खलपुरुष तर नुसते दुष्टपणाचे पुतळे झाले. दुसरी बाजू म्हणते की बी आधीपासून होते : तेनारचे बंदिस्त बालपण, रोकचे बंद दार, चेटकिणींची हेटाळणी. ‘टेहानू’ने फक्त विचारले की ही जादू कुणाच्या बळावर चालते. ल गुइन यांनी १९९२ साली ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात आपली भूमिका मांडली. वीरकथेचा पुरुषी साचा त्यांनी तरुणपणी न तपासता उचलला होता, आणि त्यातून बाहेर पडायला त्यांना इतकी वर्षे लागली.

‘टेहानू’च्या मुखपृष्ठावर अर्थसीचे शेवटचे पुस्तक असे छापले होते. तेही खरे ठरले नाही. २००१ साली ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ आणि ‘दि अदर विंड’ ही दोन पुस्तके आली, आणि या दुसऱ्या कादंबरीने अधिक मुळाशी हात घातला. पहिल्या तीन पुस्तकांतली मृतांची कोरडी, चांदण्यांखालची भूमी हा त्या जगाचा अटळ नियम वाटत होता. आता कळते की जुन्या जादूगारांनी अमरत्वाच्या लोभाने केलेली ती चूक होती, आणि ती भिंत पाडावी लागते. माझ्या मते खरा तुटलेपणा इथे आहे. ‘टेहानू’ने नजर बदलली; ‘दि अदर विंड’ने ‘द फार्देस्ट शोअर’मधल्या मरणाच्या स्वीकाराचा अर्थच फिरवला. तिसऱ्या पुस्तकावर जीव टाकणाऱ्या वाचकाला हे जड जाते, आणि त्याची तक्रार नुसती स्त्रीवादाची चीड म्हणून निकालात काढणे अन्यायाचे आहे.

रंगाचा मुद्दा त्या मानाने सरळ आहे. गेड तांबूस-तपकिरी, त्याचा मित्र व्हेच काळा, आणि गोरे ते स्वारी करून येणारे कार्ग. हे पहिल्या पुस्तकापासून लिहिलेले असूनही मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षे गोरा गेड छापला गेला. २००४ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या मालिकेत गेडला गोरा केला, तेव्हा बाईंनी जाहीर निषेधाचा लेख लिहिला. जपानच्या घिबली स्टुडिओसाठी गोरो मियाझाकी यांनी २००६ साली केलेला चित्रपटही त्यांच्या मनास उतरला नाही.

अनारेस आणि ओमेलास

‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) ही राजकीय वाचकांची लाडकी कादंबरी. ओडो या विचारवंत स्त्रीचे अनुयायी समृद्ध उरास ग्रह सोडून अनारेस या उजाड चंद्रावर गेले आणि त्यांनी सरकार, मालमत्ता, तुरुंग यांच्यावाचून चालणारा समाज उभा केला. दीडशेहून अधिक वर्षांनंतर तिथला भौतिकशास्त्रज्ञ शेवेक पाहतो की कायदा नसला तरी शेजाऱ्यांचे मत कायद्याइतकेच जाचते, आणि विद्यापीठात सत्ता नसली तरी साबुल नावाचा वडीलधारा त्याचे संशोधन अडवून बसलेला आहे. क्रोपोत्किन आणि पॉल गुडमन या अराजकवादी विचारवंतांचे ऋण लेखिकेने लपवले नाही. पण पुस्तकाच्या उपशीर्षकातच या आदर्श समाजाला संदिग्ध म्हटले होते.

१९७५ साली ‘सायन्स फिक्शन स्टडीज’ या नियतकालिकाने ल गुइन यांच्यावर विशेषांक काढला. त्यात टीकाकार फ्रेडरिक जेम्सन यांनी मांडले की गेथेनची थंडी आणि अनारेसचे ओसाडपण ही एकच युक्ती आहे. जगातले बरेच काही वजा केल्यावरच ल गुइन यांना मुक्त समाज कल्पिता येतो. यातून एक अवघड प्रश्न निघतो : अनारेसवर समता टिकली ती विचारामुळे की टंचाईमुळे? कादंबरी त्याचे उत्तर देत नाही. टॉम मॉयलन यांनी १९८६ साली अशा लेखनाला ‘चिकित्सक युटोपिया’ म्हटले आणि याच अनुत्तरित राहण्यात त्याचे बळ पाहिले.

सर्वांत सविस्तर विरोध विज्ञानकथालेखक सॅम्युएल डिलेनी यांचा, आणि तो वाक्यावाक्यात शिरून केलेला आहे. त्यांचा मुद्दा असा की अनारेसवर लैंगिक समता आहे हे आपल्याला सांगितले जाते, प्रसंग मात्र दुसरेच दाखवतात. समलिंगी बेदाप एकाकी ठेवला आहे. उरासवर शेवेक व्हेआ या बाईशी जे वागतो त्याला पुस्तक नीट सामोरे जात नाही. डिलेनींची १९७६ची ‘ट्रायटन’ ही ‘द डिस्पझेस्ड’ला दिलेले उत्तर म्हणून वाचली जाते. अराजकवादी वाचक यावर म्हणतात की दोष असतील, पण रोजची कामे कशी वाटली जातील, दुष्काळात धान्य कसे पोचेल, इतक्या तपशिलात दुसऱ्या कोणत्या कादंबरीने हा समाज दाखवला? दोन्ही बाजूंचे खरे आहे, म्हणूनच पन्नास वर्षांनंतरही पुस्तक वर्गात वादासाठी नेमले जाते.

‘द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास’ (१९७३) ही अवघ्या काही पानांची कथा तर कादंबऱ्यांपेक्षा दूर पोचली. सुखी शहर, तळघरात कोंडलेले एक मूल, आणि त्या मुलाच्या हालांवर टिकलेले ते सुख. बहुतेक लोक हे समजून घेऊन राहतात. काही जण एकेकटे निघून जातात. कोरियातल्या बीटीएस या गायकांच्या २०१७च्या एका चित्रफितीत ओमेलासची पाटी दिसते, इतकी ही कथा आता सार्वजनिक झाली आहे. निघून जाणे हा नैतिक नकार की हात झटकणे, हा तिच्यावरचा वाद. एन. के. जेमिसिन यांनी २०१८ साली राहून लढणाऱ्यांची कथा लिहून उत्तर दिले, आणि अशी उत्तरे अजून येत आहेत. मूळ कथा वाचताना एक गोष्ट निसटते : निवेदक वारंवार वाचकालाच विचारतो की नुसते सुखी शहर तुम्हाला खरे वाटते का, आणि तळघर दाखवल्यावर आता पटते का म्हणून पुन्हा विचारतो. खटला ओमेलासच्या लोकांइतकाच आपल्या कल्पनाशक्तीवरही आहे. या अंगाने झालेली चर्चा त्या मानाने कमी आहे.

क्रोबर घराण्याचा वारसा

व्हिएतनाम युद्धाच्या काळात लिहिलेली ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ (१९७२) जंगलतोड करणाऱ्या पृथ्वीवासीयांविरुद्ध आथ्शे ग्रहावरच्या रहिवाशांचे बंड दाखवते. तिला ह्यूगो मिळाला, तरी खलनायक डेव्हिडसन फार सपाट आहे, हे लेखिकेनेही नंतर जवळपास कबूल केले. खरा वाद आहे तो ‘ऑलवेज कमिंग होम’वर (१९८५). फार पुढच्या काळातल्या उत्तर कॅलिफोर्नियात राहणारे केश लोक, त्यांच्या कविता, नाटके, पाककृती, नकाशे, आणि सोबत टॉड बार्टन यांच्या संगीताची कॅसेट. ही कादंबरी आहे की कल्पित समाजाचे मानववंशशास्त्रीय टिपण, हेच ठरवता येत नाही.

एक मत असे की प्रगतीच्या कल्पनेला इतके समर्थ उत्तर दुसऱ्या कोणी दिले नाही. दुसरे मत असे की मूळ रहिवाशांच्या जीवनरीतीतून हवे ते घेतले आणि त्यांच्या संहाराचा इतिहास बाजूला ठेवला. क्रोबरांच्या लेकीने हे करणे अधिक टोचते. जानेवारी २०२१मध्ये बर्कलीच्या विद्यापीठाने आल्फ्रेड क्रोबर यांचे इमारतीला दिलेले नाव काढून टाकले, मूळ रहिवाशांचे अवशेष गोळा करणे आणि इशीला दिलेली वागणूक यांवरच्या आक्षेपांमुळे. त्यालाही अनेक मानववंशशास्त्रज्ञांनी हरकत घेतली. तेव्हा ल गुइन हयात नव्हत्या. वडिलांचा वाद मुलीच्या पुस्तकांवर कितपत लादायचा, याचा निवाडा झालेला नाही. एवढे मात्र म्हणता येईल की घरातली इशीची सावली त्यांच्या लेखनात सतत होती, पण ती त्यांनी थेट कादंबरीचा विषय केली नाही.

बाकी राहिलेले

विज्ञानकथा साहित्य आहे की नाही या जुन्या भांडणात आता फारसा दम उरलेला नाही. २०१४ साली नॅशनल बुक फाउंडेशनचे पदक घेताना बाईंनी तो मान कल्पनासाहित्याच्या सगळ्या लेखकांसोबत वाटून घेतला आणि पुस्तकांचा केवळ माल करणाऱ्यांना खडे बोल सुनावले. मार्गारेट ॲटवूड यांनी आपल्या कादंबऱ्यांना विज्ञानकथा म्हणू नये असा आग्रह धरला तेव्हा ल गुइन यांनी त्यांना छेडले. ॲटवूड यांनी २०११चे या विषयावरचे पुस्तक त्यांनाच अर्पण केले. हा प्रश्न बहुधा असाच, सलोख्याने, संपला.

संपलेला नाही तो ताओ या प्राचीन चिनी विचाराचा प्रश्न. ल गुइन यांनी ‘ताओ ते चिंग’ची आपली इंग्रजी आवृत्ती १९९७ साली प्रसिद्ध केली, तीही चिनी भाषा येत नसताना, जाणकाराच्या मदतीने. न करण्यातले सामर्थ्य हा त्यांच्या लेखनाचा कणा आहे. ‘द लेथ ऑफ हेवन’मध्ये (१९७१) स्वप्नांनी जग बदलणारा जॉर्ज ऑर काही करू इच्छित नाही, आणि त्याच्या स्वप्नांनी जग सुधारायला निघालेला डॉक्टर हेबर सर्वनाश ओढवतो. मग शेवेकचे बंड आणि ऑरची स्तब्धता एकाच लेखिकेच्या विचारात कशी बसवायची? डाव्या टीकाकारांना ती स्तब्धता पळवाट वाटते, ताओची बाजू घेणाऱ्यांना तेच खरे राजकारण वाटते, आणि दोन्ही बाजू आपापल्या आवडीचे पुस्तक पुढे करतात.

आणि उत्तरार्धाकडे दुर्लक्ष, हे सर्वांत मोठे. अभ्यास अजूनही १९६८ ते १९७४ या सहा-सात वर्षांतल्या पुस्तकांभोवती घुटमळतो. गुलामगिरीतून सुटलेल्या समाजावरच्या ‘फोर वेज टू फरगिव्हनेस’मधल्या (१९९५) कथा, एका संस्कृतीचे ग्रंथ नष्ट करणाऱ्या राजवटीवरची ‘द टेलिंग’ (२०००), व्हर्जिलच्या महाकाव्यातल्या मुक्या राजकन्येला बोलती करणारी ‘लाविनिया’ (२००८) यांवर त्या मानाने थोडे लिहिले गेले. ‘टेहानू’च्या आधीची आणि नंतरची लेखिका एकच आहे का, याचे उत्तर या पुस्तकांशिवाय देता येणार नाही.

नव्या वाचकाने ‘अर्थसी’ क्रमाने वाचावी, आणि तिसऱ्या व चौथ्या पुस्तकाच्या मध्ये ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ घ्यावी. ती संपताच ‘कमिंग ऑफ एज इन कारहाइड’. टीकाकारांचे लेख त्यानंतर. ज्यांनी सत्तरच्या दशकातली पुस्तके पूर्वीच वाचली आहेत, त्यांनी सरळ ‘फोर वेज टू फरगिव्हनेस’ला हात घालावा.